मूक बहुसंख्याकांचा कौल

युद्ध नको, पण पराभवहि नको, असें म्हणणाऱ्या जनतेपुढें राज्यकर्त्यानें काय बोलावें? ३ नोव्हेंबर १९६९ च्या रात्रीं अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनीं दूरचित्रवाणीवरून व्हिएतनामविषयक आपल्या धोरणाचें समर्थन केलें. सैन्य एकाएकीं मागें घेतां येणार नाहीं, युद्धाचा भार क्रमाक्रमानें दक्षिण व्हिएतनामवर सोंपवूं, असें सांगून त्यांनीं ‘मूक बहुसंख्याकां’चा पाठिंबा मागितला. लागलीच दूरध्वनीवरून घेतलेल्या गॅलपच्या चांचणींत शेंकडा ७७ श्रोत्यांनीं पसंती दर्शविली. तारांचा तर वर्षाव झाला, आणि त्यांच्या राशी मेजावर रचून अध्यक्षांनीं आपलीं छायाचित्रें काढवून घेतलीं! त्यांतील कित्येक तारांची तजवीज भाषणापूर्वींच झाली होती, असें त्यांचे साहाय्यक अलेक्झांडर बटरफील्ड यांनीं १९९९ मध्यें सांगितलें. तरीहि सारा पाठिंबा बनावट नव्हता. वरील दोन्ही भावनांना त्या भाषणांत आसरा मिळाला होता. ज्यांना तें पटलें नाहीं, ते १५ नोव्हेंबरला वॉशिंग्टनमध्यें लाखोंनीं जमले. पुढें ३० एप्रिल १९७० रोजीं त्याच पडद्यावरून कंबोडियांत सैन्य धाडल्याची वार्ता आली. चवथ्या दिवशीं ओहायोंतील केंट येथील विद्यापीठांत सैनिकांच्या गोळीबारानें चार विद्यार्थी मृत्युमुखीं पडले.