रिव्हर्स कॅमेरा बसवला, तरी स्क्रीनवर ‘नो सिग्नल’ का येतं? घोळ बहुतेक वेळा जोडणीत असतो

बजेटात बसतं म्हणून गाडीचं बेस किंवा मधलं मॉडेल घ्यायचं आणि मोठी स्क्रीन, नेव्हिगेशन, कॅमेरा हे सगळं नंतर बाहेरून बसवायचं, हा आपल्याकडचा ठरलेला हिशोब आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत गेलात की तासा-दोन तासांत काम होतं. बिल दिलं, गाडी बाहेर काढली, घरी येऊन रिव्हर्स टाकला आणि स्क्रीनवर निळा पडदा. वर लिहिलेलं, ‘नो सिग्नल’.

मग सगळा राग कॅमेऱ्यावर निघतो. पण बरेचदा कॅमेरा धडधाकट असतो आणि घोळ असतो जोडणीत.

आधी एक प्रश्न. गाडीला पार्किंग सेन्सर असताना कॅमेरा हवाच कशाला? भारतात १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या कारला मागचे सेन्सर सक्तीचे आहेत, पण कॅमेरा सक्तीचा नाही. सेन्सर फक्त ‘काहीतरी आहे’ एवढंच सांगतो. ते काहीतरी म्हणजे कुंडी आहे की पोरगं, हे त्याला कळत नाही.

अमेरिकेत यासाठी कायदा झाला. २००२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका डॉक्टरच्या हातून गाडी मागे घेताना स्वतःचाच दोन वर्षांचा मुलगा चाकाखाली गेला. त्याचं नाव कॅमेरॉन गुलब्रान्सन. २००८ साली मंजूर झालेल्या कायद्याला त्याचंच नाव आहे. रिव्हर्सच्या अपघातांत तिथे वर्षाला सरासरी २१० माणसं जातात आणि त्यातली ३१ टक्के पाच वर्षांखालची मुलं असतात, असं तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने नियम काढताना सांगितलं होतं. १ मे २०१८ पासून तिथे प्रत्येक नव्या कारला मागचा कॅमेरा लागतोच. त्या नियमात एक बारीक अट आहे: रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांत चित्र दिसलं पाहिजे. ही अट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता जोडणीकडे.

बाजारात मिळणाऱ्या साध्या कॅमेऱ्याला दोनच गोष्टी लागतात. एक म्हणजे १२ व्होल्टचा करंट, जो मागच्या रिव्हर्स लाईटमधून घेतात. म्हणून गिअर पडला की लाईट लागतो आणि सोबत कॅमेराही जागा होतो. दुसरी म्हणजे पिवळ्या पिनेची व्हिडिओ केबल. ती डिकीपासून छताच्या किंवा फूटमॅटच्या कडेने पुढे स्क्रीनच्या मागे जाते.

चित्र स्क्रीनपर्यंत पोचलं. पण ते आत्ता दाखवायचं, हे स्क्रीनला सांगणार कोण? गाणी बंद कर, मॅप बाजूला कर, कॅमेरा लाव, हा निरोप द्यायला वेगळी वायर लागते. पिवळ्या केबलच्या दोन्ही टोकांना एक बारीक लाल वायर बाहेर आलेली असते, ती बहुधा याच कामाची. मागचं टोक रिव्हर्स लाईटच्या प्लसला आणि पुढचं टोक स्क्रीनच्या ज्या वायरीवर ‘बॅक’ किंवा ‘रिव्हर्स’ लिहिलंय तिला. तिथे १२ व्होल्ट पोचले की स्क्रीन आपोआप बदलते.

घाईत काम करणारा नेमकी हीच वायर टेप मारून सोडून देतो. मग गिअर टाकूनही स्क्रीनवर गाणंच चालू राहतं. मेनूत जाऊन हाताने कॅमेरा उघडला तर चित्र दिसतं, म्हणजे दोष या निरोपाच्या वायरीत. निरोप पोचून स्क्रीन बदलते पण ‘नो सिग्नल’ येतं, तेव्हा कॅमेऱ्याचा करंट, त्याचं अर्थिंग किंवा पिवळी पिन यापैकी एक सैल आहे. एवढा फरक ओळखता आला तरी अर्धं काम झालं.

तिसरा प्रकार जास्त छळतो. सगळं जोडलंय, तरी चित्र काळं-पांढरं येतं, वर-खाली पळतं किंवा येतच नाही. जुने कॅमेरे साधा ॲनालॉग सिग्नल देतात, नवे ‘एएचडी’ म्हणजे जास्त स्पष्ट चित्राचा. पिन दोघांची सारखीच, भाषा वेगळी! साध्या स्क्रीनला एएचडी कळत नाही. दोन्ही कळणाऱ्या अँड्रॉइड स्क्रीनमध्येही सेटिंगमध्ये जाऊन कॅमेऱ्याचा प्रकार निवडावा लागतो. त्यामुळे कॅमेरा घ्यायच्या आधी स्क्रीनला काय चालतं ते विचारा, उलटं नको.

स्क्रीन कंपनीची असेल तर गोष्ट आणखी बदलते. काहींना मागे कॅमेऱ्याची जागा असते, पण सॉफ्टवेअरमध्ये ती बंद ठेवलेली असते. काहींना वेगळा इंटरफेस बॉक्स लागतो. आणि कंपनीचा जुना कॅमेरा ठेवून फक्त स्क्रीन बदलायची असेल तर जपून. काही कंपन्यांचे कॅमेरे ६ व्होल्टवर चालतात. त्यांना थेट १२ व्होल्ट दिले की कॅमेरा गेलाच.

वायर कापून जॉइंट मारायचा की कपलर लावायचा, यावर दुकानदार हुज्जत घालतील. कपलरचेच पैसे द्या. कापलेल्या वायरीकडे बोट दाखवून सर्व्हिस सेंटर इलेक्ट्रिकल भागाची वॉरंटी नाकारू शकतं, आणि सैल जॉइंट गरम होतो तो धोका वेगळाच. डिकीच्या झाकणाकडे जाणारी वायर तिथल्या रबरी नळीतूनच न्यायला सांगा. बाहेरून नेली तर झाकण उघड-बंद होऊन ती तुटते.

नंबर प्लेटच्या फ्रेममध्ये बसवलेला कॅमेरा स्वस्त आणि सोपा वाटतो. पण हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं लॉक एकदाच बसतं, काढायचं तर तोडावं लागतं. त्यापेक्षा प्लेटच्या वरच्या पट्टीत बसणारा छोटा कॅमेरा बरा.

आता ती दोन सेकंदांची अट. तिकडचा नियम आपल्या स्क्रीनला लागू नाही, पण मोजमाप म्हणून तो चांगला आहे. स्वस्त अँड्रॉइड स्क्रीन चालू व्हायलाच बराच वेळ घेते. सकाळी घाईत किल्ली फिरवून लगेच रिव्हर्स टाकला तर स्क्रीनवर अजून लोगोच फिरत असतो आणि गाडी मागे सरकलेली असते. काही स्क्रीन अँड्रॉइड सुरू व्हायच्या आधीच कॅमेरा दाखवतात. दुकानात गाडी पूर्ण बंद करून, थोडं थांबून पुन्हा चालू करा आणि लगेच रिव्हर्स टाकून बघा. चालू गाडीत दाखवलेला डेमो यासाठी उपयोगाचा नाही.

तिथेच आणखी दोन गोष्टी तपासा. एकाला गाडीच्या मागे, तुमच्या उजव्या हाताच्या बाजूला उभं करा. तो स्क्रीनवरही उजवीकडेच दिसला पाहिजे. डावीकडे दिसला तर चित्र उलटं आहे. ते कॅमेऱ्याच्या वायरीची छोटी कडी कापून किंवा स्क्रीनच्या सेटिंगमधून सरळ होतं. मग मागच्या बंपरपासून एक मीटरवर बादली ठेवा आणि ती हिरव्या, पिवळ्या, लाल यापैकी कोणत्या रेषेवर दिसते ते बघा. या रेषा कॅमेऱ्यात छापील येतात, तुमच्या गाडीची उंची त्यांना माहीत नसते. लाल रेषेपर्यंत जागा आहे असं समजून गाडी घ्याल आणि बंपर आधीच भिंतीला टेकलेला असेल.