नैराश्यावरील गोळी आणि प्रतिजैविके : डॉक्टरांपासून काही लपवू नका

बदली होऊन नव्या शहरात आलेला एखादा अधिकारी डोळ्यांपुढे आणा. वर्षभर तो नैराश्यावरील एक गोळी नियमित घेत आहे. घरच्यांखेरीज ही गोष्ट कुणालाच ठाऊक नाही. पावसाळ्यात खोकला आणि तापाने तो बेजार होतो व जवळच्या दवाखान्यात जातो. “आणखी कोणती औषधे चालू आहेत?” असे डॉक्टर विचारतात. “काही नाही,” असे तो संकोचाने सांगतो. रक्तदाबाची गोळी असती, तर त्याने ती लपवली नसती.

ही दोन औषधे एकत्र घेणे धोक्याचे असते का? बहुतेक वेळा नसते. अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी नेहमीची प्रतिजैविके नैराश्यावरील प्रचलित औषधांबरोबर सहसा निर्धोकपणे दिली जातात. मात्र काही जोड्यांच्या बाबतीत सावधगिरी आवश्यक ठरते.

पहिला प्रश्न हृदयाच्या लयीचा. सिटालोप्राम व एस्सिटालोप्राम ही औषधे हृदयाच्या विद्युत्‌चक्रातील ‘क्यूटी’ हा कालावधी लांबवू शकतात. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, अॅझिथ्रोमायसिन, तसेच लेव्होफ्लॉक्सासिन व मॉक्सिफ्लॉक्सासिन यांचाही तसाच परिणाम होऊ शकतो. दोन्हींची बेरीज झाली, तर क्वचित प्रसंगी हृदयाचे ठोके घातक रीतीने अनियमित होतात. वृद्ध, हृदयरुग्ण आणि जुलाब-उलट्यांमुळे शरीरातील पोटॅशियम घटलेले रुग्ण यांना हा धोका अधिक असतो. अशा वेळी डॉक्टर ईसीजी काढतात किंवा वेगळे प्रतिजैविक निवडतात.

दुसरा प्रश्न यकृताचा. औषधांचे विघटन मुख्यतः तेथील विकरे करतात. सिप्रोफ्लॉक्सासिन त्यांपैकी एका विकराचे काम रोखते; त्यामुळे ड्युलॉक्सेटिनचे रक्तातील प्रमाण वाढते. क्लॅरिथ्रोमायसिनमुळे ट्रॅझोडोनच्या बाबतीत असेच घडते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन याच्या उलट वागते. ते विकरांना चालना देते आणि नैराश्यावरील अनेक औषधांचा प्रभाव घटवते. रुग्णाला मात्र आपला आजार पुन्हा का बळावला, हे उमगत नाही.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न लिनेझोलिडचा. याची पार्श्वभूमी मोठी उद्बोधक आहे. १९५० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कमधील क्षयरुग्णांना आयप्रोनायझिड हे औषध दिले असता त्यांची मनोवृत्ती विलक्षण उल्हसित झाल्याचे दिसले. मेंदूतील सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचे विघटन करणारे विकर हे औषध रोखत होते. नैराश्यावरील औषधांच्या आद्य पिढीचा उगम असा जंतुसंसर्गाच्या उपचारातून झाला. लिनेझोलिड हेच विकर सौम्य प्रमाणात रोखते. इतर औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर, तसेच औषधरोधी क्षयरोगावर ते दिले जाते. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारख्या औषधांबरोबर ते घेतल्यास सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये याबाबत इशारा दिला. प्रत्यक्षात असे क्वचितच घडते, असे पुढील अभ्यासांत आढळले. तरीही रुग्णावर लक्ष ठेवणे अगत्याचे असते. अस्वस्थता, थरथर, स्नायूंचे झटके, दरदरून घाम, ताप, जुलाब, वाढलेली नाडी आणि मनाचा गोंधळ ही त्याची लक्षणे होत. ती दिसताच विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

येथे एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. हे वाचून नैराश्यावरील गोळी परस्पर बंद करू नका. ती एकाएकी थांबवल्यास चक्कर, निद्रानाश, बेचैनी असे त्रास होतात आणि मूळ आजार उलटण्याची भीती असते. शिवाय फ्लुओक्सेटिनचा अंश काही आठवडे शरीरात राहतो. म्हणून “कालच गोळी सोडली” ही माहितीही डॉक्टरांना द्यायला हवी. त्याचप्रमाणे घरात उरलेले प्रतिजैविक आपल्या मनाने घेऊ नये.

उपाय साधा आहे. आपण घेत असलेल्या सर्व औषधांची नावे व मात्रा एका कागदावर लिहून तो पाकिटात बाळगावा. खात्याचे पासबुक आपण जसे अद्ययावत ठेवतो, तशीच ही नोंदही ठेवावी. दंतवैद्य असो वा शल्यचिकित्सक, प्रत्येकाला ती दाखवावी. औषधविक्रेत्यालाही विचारावे.

मनाचा आजार हा शरीराच्या आजाराइतकाच आजार आहे; त्यात लाजण्याजोगे काही नाही. डॉक्टरांच्या त्या प्रश्नाला खरे उत्तर दिले, की योग्य औषध निवडण्याचे त्यांचे काम सोपे होते आणि आपली सुरक्षितताही वाढते.