मोगऱ्याची जांभळी कळी : पाण्याचा ताण की कळीतील कीड?

परसातील मोगऱ्याची पाने हिरवीगार असतात. कळ्या मात्र उमलण्यापूर्वीच जांभळट होऊन वाळतात व गळतात. पावसाळी, दमट दिवसांत ही तक्रार हमखास येते. पाणी कमी पडले, असे समजून ते वाढविले जाते आणि तक्रारही वाढते.

मोगरा हे बहुवर्षायू, काष्ठमय झुडूप आहे. जमिनीत मुळे स्थिरावली की ते पाण्याचा ताण चांगला सोसते. किंबहुना नोव्हेंबरअखेरीस पाणी तोडून सुमारे ४५ ते ५० सेंमी उंचीवर छाटणी करण्याची पद्धत याच गुणावर आधारलेली आहे. फुले येतात ती नव्या फुटीवर. कुंडीतील झाडाला मात्र इतका ताण देऊ नये.

अशा वेळी संशयित कळी ब्लेडने उभी चिरून भिंगाखाली पाहावी. आत पांढुरक्या-पिवळसर, जेमतेम दोन मिमी लांबीच्या, पाय नसलेल्या अळ्या आढळल्यास ती कळीमाशी होय. ‘काँटॅरिनिया मॅक्युलिपेनिस’ ही माशी ज्वारीवरील मिजमाशीच्या कुळातील असून कोवळ्या कळीत अंडी घालते. कळीचा देठाकडील भाग फुगतो. पाच ते सात दिवसांत वाढ पूर्ण झालेल्या अळ्या उड्या मारून खाली पडतात व मातीच्या वरच्या थरात कोषावस्थेत जातात. ओलसर माती त्यांना मानवते. म्हणजे वाढविलेले पाणी झाडापेक्षा किडीच्याच उपयोगी पडते! कळीवर वाटोळे छिद्र व रेशमी जाळे असल्यास मात्र ती कळी पोखरणारी हिरवी अळी समजावी.

कळीच्या आत दडलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. शिवाय घरची फुले केसांत माळली जातात. म्हणून परसबागेत कीटकनाशकाकडे वळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पिढी तीन ते चार आठवड्यांत पूर्ण होते. तेवढा काळ दर दिवसाआड सदोष व गळलेल्या कळ्या वेचून, बंद पिशवीत घालून कडक उन्हात ठेवाव्यात. कंपोस्टात टाकू नयेत. बुंध्याभोवतीची माती हलकेच चाळवून वाळू द्यावी आणि वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे.

उमललेले फूल शिळे होताना जांभळट होते, तो दोष नव्हे. तपासायची ती न उमललेली कळी.