कॅडिस माशीची ओळख

हिमालयातील ओढ्यांच्या काठी रात्री दिव्याभोवती जमणाऱ्या तपकिरी कीटकांत कॅडिस माश्याही असतात. प्रथमदर्शनी त्या पतंगासारख्या वाटतात. परंतु पतंगाच्या पंखांवर खवले असतात, तर यांच्या पंखांवर मुख्यतः केस असतात. म्हणूनच विल्यम कर्बी यांनी १८१३ साली या गणाला ‘ट्रायकॉप्टेरा’, म्हणजे केसाळ पंखांचे कीटक, असे नाव दिले.

या गणाच्या १६,००० हून अधिक जाती ज्ञात असून त्यांपैकी कित्येक बाह्यतः सारख्याच दिसतात. त्यामुळे जातीचा निर्णय बहुधा नराच्या उदराच्या टोकाशी असलेल्या जननांगांवरून करतात. त्यासाठी उदर वेगळे करून दाहक पोटॅशच्या द्रावणात ठेवतात. मऊ भाग विरघळून कठीण भाग तेवढे उरतात. ते ग्लिसरीनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात व निरनिराळ्या बाजूंनी त्यांची चित्रे काढतात. जात नवी ठरल्यास वर्णनाला आधारभूत असलेला नमुना संग्रहालयात जतन केला जातो.

पाण्यात राहणाऱ्या अळीची जात ठरविणे याहून अवघड असते. मात्र अळीचा कोश झाल्यावर तिने टाकलेली कात बहुधा कोशाच्या घरातच राहते. पूर्ण वाढलेल्या नर-कोशात जननांगेही दिसतात. ही दोन्ही एकाच घरात सापडली, की अळी आणि प्रौढ कीटक यांचे नाते सिद्ध होते.

हा खटाटोप निरर्थक नव्हे. प्रदूषण सोसण्याची शक्ती प्रत्येक जातीत वेगळी असते. अळ्यांवरून नदीच्या पाण्याची शुद्धता पारखताना जात ओळखण्यात चूक झाली, तर नदीविषयीचा निष्कर्षही चुकण्याचा संभव असतो.