घर बोलतं, ऐकणारा हवा!

बालमित्रांनो, तुम्ही आजारी पडलात की डॉक्टरकाका काय करतात? जीभ पाहतात, नाडी पाहतात, पाठीवर बोटांनी टकटक करतात आणि मग निदान सांगतात. पण घर आजारी पडलं तर? हसू नका! घरालाही दुखणी होतात, बरं का. भिंतीला ओल येते, छत गळते, वाशांना वाळवी लागते, खांबातल्या सळईला गंज चढतो. ही दुखणी ओळखणारा आणि घराची खरी किंमत ठरवणारा एक माणूस असतो. कुणी त्याला व्हॅल्युअर म्हणतात, कुणी मूल्यांकनकार. जमिनीची हद्द मोजायला भूमी अभिलेख कार्यालयातून येतो तो मोजणीदार वेगळा. हा घर तपासणारा.

आज त्याच्याबरोबर आपण रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत फेरफटका मारू या. हेच तालुके का? कारण इथे सगळ्या तऱ्हेची घरे जवळजवळ सापडतात. आदिवासी वाड्यांवरची कुडाची घरे, गावातली जुनी कौलारू घरे, कर्जत-खोपोलीतल्या चार-पाच मजली इमारती आणि सुट्टीपुरती उघडणारी फार्महाऊसेस. आणि या सगळ्यांची दरवर्षी परीक्षा घेणारा एक कडक मास्तरही इथे आहे. त्याचं नाव पाऊस!

एका चौरस मीटरवर तीन हजार लिटर

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आता छोटासा हिशेब करा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. म्हणजे ५० चौरस मीटरच्या छपरावर एका पावसाळ्यात किती पाणी पडेल? दीड लाख लिटर! दहा हजार लिटरचा एक असे पंधरा टँकर. हे पाणी छपरावरून नीट खाली उतरले तर ठीक. नाहीतर ते घरात शिरायला वाट शोधते, आणि पाण्याला वाट सापडतेच. म्हणून घर तपासणाऱ्याच्या डोक्यात सारखा एकच प्रश्न असतो : पाणी कुठून येतं आणि कुठे जातं?

आधी घराबाहेर

तुम्हाला वाटेल, हा माणूस आला की थेट दार उघडून आत जाईल. छे! तो आधी घराकडे पाठ करून उभा राहतो. मागे डोंगर आहे का? किती चढाचा? चढावरची झाडे आणि खांब सरळ आहेत की खाली कललेत? मातीत नव्या भेगा आहेत का? जिथे कधी पाणी नव्हते तिथून गढूळ झरा वाहू लागलाय का? ही डोंगर सरकू लागल्याची लक्षणे असू शकतात.

हे पाहणे किती गरजेचे आहे, हे खालापूर तालुक्याला फार दुःखाने कळले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस जणांचे मृतदेह हाती लागले आणि सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली. कुणाची भिंत किती भक्कम होती, या प्रश्नाला त्या रात्री काही अर्थच उरला नाही. घर कितीही चांगले असो, ते ज्या जागेवर उभे आहे ती जागा आधी तपासायला हवी.

डोंगरानंतर नदी. कर्जतजवळून उल्हास नदी वाहते, तर खोपोलीकडून पाताळगंगा. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते. नदीकाठच्या घराची तपासणी करताना म्हणूनच नकाशावरच्या दोन रेषा पाहतात. निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नकाशा नसला तर? शेजारच्या आजीबाईंना विचारायचे, ‘आजी, पाणी कुठवर आलं होतं?’ आजी बोटाने जी पायरी दाखवतात ती पुष्कळदा अचूक असते!

तिसरी गोष्ट भराव. काल ज्या खाचरात भात लावला जात होता, तिथे मुरूम टाकून आज बंगला उभा राहतो. भराव नीट दाबून बसवलेला नसला, तर घराच्या वजनाने तो हळूहळू खचतो. आणि मग घर बोलू लागते.

भिंतीची भाषा

घर बोलते ते तड्यांमधून. पण सगळे तडे सारखे नसतात. गिलाव्यावरची केसासारखी बारीक जाळी फारशी भीतीची नसते. गिलावा वाळताना आकसला, की ती येते. काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथे उभी रेघ पडते, कारण दोन्ही वस्तू उन्हाने सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. पण खिडकीच्या कोपऱ्यातून निघून विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखा तिरपा चढत जाणारा तडा दिसला की तपासणारा थबकतो. पायाचा एक भाग खचत असल्याची ती खूण असू शकते. दारे-खिडक्या अचानक घासू लागल्या, तर संशय आणखी वाढतो.

मग तो एक गंमत करतो. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवतो आणि तारीख लिहून ठेवतो. काही महिन्यांनी पट्टी शाबूत असेल तर तडा जुना आहे, निजलेला आहे. पट्टी तुटली तर तडा जागा आहे!

ओलीचीही भाषा असते. जमिनीपासून वर चढत जाऊन मांडीएवढ्या उंचीवर थांबलेली ओल जोत्यातून आलेली असते. छताच्या कोपऱ्यातून खाली उतरणारी ओल गच्चीतून आलेली असते. आणि मधेच कुठेतरी गोल डाग दिसला तर समजावे, आत नळ गळतोय. हे न पाहता नुसता रंग मारला तर? रंगाखाली आजार तसाच वाढत राहतो.

आजोबांची शाकारणी

आता गावातल्या कौलारू घरात शिरू या. आपल्याकडे दिसणारी चपटी मंगलोरी कौले मुळात मंगळूरची. बासेल मिशनने १८६५ मध्ये तिथे कौलांचा कारखाना काढला आणि ही कौले कोकणभर पसरली. अशा घराची तपासणी करायला यंत्र लागत नाही. लागतो एक टोच्या आणि चांगले कान. वाशावर बोटाने ठोकायचे. टणक आवाज आला तर लाकूड भरीव, पोकळ आला तर वाळवीने आतून खाल्लेले. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर तो वाळवीचा रस्ताच समजायचा. आढे मधे वाकलेय का, हे अंगणात उभे राहून नुसत्या डोळ्यांनी कळते.

आणि एक सांगू? हे काम गावातली माणसे कितीतरी पिढ्या करत आली आहेत. मे महिन्यात घराची शाकारणी होते. कौले उतरवतात, फुटकी बदलतात, रीप आणि वासे पाहतात, कारवीच्या कुडाला शेणामातीने पुन्हा लिंपतात. म्हणजे वर्षातून एकदा घराची संपूर्ण तपासणी! ना फी, ना कागद. पण सिमेंटची घरे आली आणि लोकांना वाटले, आता घराकडे बघायची गरज संपली. तिथेच चूक झाली.

सिमेंटचे घरही थकते

काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळ्या असतात. चांगले काँक्रीट सळईभोवती चिलखतासारखे काम करते. पण फटीतून पाणी आणि हवा आत शिरली की सळईला गंज चढतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. तो आतून रेटा देतो आणि वरच्या काँक्रीटच्या खपल्या पडू लागतात. ‘छताचं थोडं प्लॅस्टर पडलंय’ असे आपण म्हणतो, तेव्हा खरे दुखणे आतल्या सळईचे असू शकते.

मग तपासणारे इंजिनिअर आपली हत्यारे काढतात. एक असतो उसळता हातोडा. स्वित्झर्लंडच्या अर्न्स्ट श्मिट या अभियंत्याने १९५० च्या सुमारास तो तयार केला. आतला दांडा काँक्रीटवर आपटून किती उसळी घेतो, त्यावरून वरचा थर किती कठीण आहे, याचा अंदाज येतो. दुसऱ्या यंत्राने काँक्रीटमधून आपल्या कानांना न ऐकू येणारा आवाज पाठवतात. चांगल्या काँक्रीटमधून तो सेकंदाला साडेतीन किलोमीटरहून अधिक वेगाने पार होतो. आत पोकळी असली, तडे असले तर तो रेंगाळतो. तिसरी परीक्षा तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतली! फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर टाकायचे. गुलाबी रंग आला तर सळईचे चिलखत अजून शाबूत आहे. रंग आला नाही तर गंजाचा धोका वाढलेला आहे.

मुंबई आणि राज्यातल्या इतर महापालिकांच्या हद्दीत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची अशी तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे. पण घराचे दुखणे वय विचारून येत नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात महाड येथे (खालापूरचे गणपतीचे महड वेगळे, हं!) २४ ऑगस्ट २०२० रोजी ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळली. सोळा माणसे दगावली. ती इमारत काही आजोबा-पणजोबांच्या काळातली नव्हती. वय तरुण, पण प्रकृती कमजोर. हे कुणीतरी आधी पाहून, लिहून, ठासून सांगायला हवे असते.

किंमत कशी ठरते?

बँकेकडून कर्ज घ्यायचे असो, भावाभावांत वाटणी करायची असो, की रस्त्यासाठी गेलेल्या घराची भरपाई मिळवायची असो, घराची किंमत ठरवावी लागते. त्याची एक सोपी रीत पाहा. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, एक घर आज नव्याने बांधायला १२ लाख रुपये लागतील. अशा घराचे आयुष्य ६० वर्षे धरले आणि त्याची २० वर्षे उलटली आहेत. म्हणजे एक तृतीयांश आयुष्य संपले. १२ लाखांतून ४ लाख वजा, उरले ८ लाख. गच्ची आणि खांबांच्या दुरुस्तीला दीड लाख लागणार, तेही वजा. उरले साडेसहा. आता जमिनीची किंमत, समजा १० लाख, मिळवा. झाले साडेसोळा लाख. गंमत पाहिलीत? घर म्हातारे होते, जमीन होत नाही. म्हणूनच स्टेशनजवळच्या पडक्या घराला कधी कधी दूरच्या नव्या बंगल्यापेक्षा जास्त भाव येतो. भाव जास्त म्हणजे घर भक्कम, असे मुळीच समजू नका!

कागदही पाहावे लागतात : सातबारा, मिळकत पत्रिका, बांधकामाची परवानगी. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव असते ते घरपट्टीसाठी. तेवढ्यावरून मालकी सिद्ध होत नाही. गावठाणातल्या अनेक घरांना मिळकत पत्रिकाच नव्हती. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावी ड्रोनने मोजणीचा प्रयोग झाला आणि २०२० मध्ये ‘स्वामित्व’ ही योजना सुरू झाली. शिवाय माथेरान आणि त्याच्या भोवतालचा पट्टा २००३ पासून पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे मनाला येईल तसे बांधता येत नाही. आदिवासींची जमीनही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय इतरांना विकता येत नाही. हे न बघता घर घेणारा माणूस आयुष्याची कमाई घालवून बसतो.

आणि सगळ्यांत अवघड काम शेवटी येते. अहवाल लिहिण्याचे! विकणारा म्हणतो, ‘साहेब, त्या तड्याचं कशाला लिहिता?’ घेणारा म्हणतो, ‘किंमत जरा कमी दाखवा ना!’ तेव्हा जे पाहिले तेच लिहायचे आणि जे पाहता आले नाही तेही तसेच नमूद करायचे, याला धैर्य लागते. गणित आणि विज्ञान तर हवेच. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी ही या कामाची नेहमीची वाट. कंपनी कायद्याखाली मूल्यांकन करायचे तर २०१७ च्या नियमांप्रमाणे परीक्षा देऊन नोंदणीही करावी लागते. पण खरेपणाची परीक्षा मात्र प्रत्येक घरात नव्याने द्यावी लागते.

तुम्हीही करून पाहा

पावसाळ्याआधी एका रविवारी आई-बाबांना सोबत घ्या. एक वही, पेन्सिल आणि पट्टी पुरे.

१. घराभोवती फेरी मारा. पाणी कुठे साचते ते चित्र काढून दाखवा.

२. प्रत्येक तडा शोधा. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने बारीक खूण करून तारीख घाला. दिवाळीत पुन्हा पाहा. तडा खुणेच्या पुढे गेला का?

३. दारे घासतात का, ते पाहा. कुठे ओल आहे, तेही लिहा.

४. भिंतीत पिंपळाचे रोप उगवले असेल तर मोठ्यांना लगेच सांगा. आज बोटभर मूळ, उद्या भिंतीला भगदाड!

गच्चीच्या कडेला, शिडीवर किंवा ओल्या भिंतीवरच्या विजेच्या बटणांजवळ मात्र जायचे नाही. आणि खांबाला वाढता तडा दिसला किंवा छतातून खपल्या पडू लागल्या, तर वहीत लिहून गप्प बसायचे नाही. घरात, सोसायटीत, शाळेत असेल तर गुरुजींना किंवा बाईंना सांगायचे. एकदा सांगून कुणी ऐकले नाही तर पुन्हा सांगायचे.

पालकांनो, तुमच्या मुलाने अशी वही पुढे आणली तर ‘जा रे, अभ्यास कर’ म्हणू नका. दोन मिनिटे त्याच्याबरोबर जाऊन तो तडा पाहून या. तोही अभ्यासच आहे.