एकोणचाळीस शिलिंगांची चोरी

१८३० साली इंग्लंडच्या संसदेपुढे एक अर्ज आला. खोट्या सह्या करणाऱ्यांना आणि बनावट कागद रचणाऱ्यांना फाशी देणं थांबवा, अशी त्यात मागणी होती. अर्जदार धर्मोपदेशक नव्हते, कैद्यांचे कैवारीही नव्हते. दोनशेहून अधिक गावांतले ते पेढीवाले, म्हणजे बँकर होते. असल्या लबाडीत ज्यांची तिजोरी रिकामी व्हायची, तीच ही माणसं! त्यांचं गाऱ्हाणं साधं होतं: शिक्षा फाशीची असल्यामुळेच लबाड मोकाट सुटतात.

त्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये सुमारे दोनशे गुन्ह्यांना कागदोपत्री फाशी होती. एका शिलिंगाहून जास्त रकमेचा खिसा कापला तर फाशी, राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा ऐवज उचलला तर फाशी. पाहणाऱ्यांना जरब बसावी म्हणून फाशी द्यायचीही उघड्यावर. लंडनमध्ये १७८३ पर्यंत ती टायबर्नला होई. तिथे जत्रेसारखी गर्दी लोटायची आणि त्या गर्दीत खिसेकापू आपले हात साफ करून घ्यायचे.

न्यायालयात तर वेगळाच खेळ चाले. चार भांड्यांसाठी माणूस लटकवायला ज्युरीतले पंच कचरत. मग ते चोरीच्या मालाची किंमतच पाडत आणि निकाल देत: एकोणचाळीस शिलिंग. एक शिलिंग कमी केला की आरोपीचा गळा वाचे. १८२७ मध्ये ही मर्यादा पाच पौंडांवर नेली, तर पंचांचा आकडाही चढला, चार पौंड एकोणीस शिलिंगांवर!

बनावट सहीच्या खटल्यात मात्र अशी पळवाट काढायला जागा नव्हती. त्यामुळे फिर्यादी गप्प बसत, साक्षीदार मागे सरत, पंच सरळ निर्दोष ठरवत. पेढीवाल्यांना हवी होती ती सौम्य, पण खात्रीने होणारी शिक्षा. १८३७ पर्यंत या गुन्ह्याची फाशी पूर्णपणे गेली.

सौम्य पण खात्रीच्या शिक्षेचं हे तत्त्व मिलानच्या चेझारे बेक्कारिया या विचारवंताने १७६४ मध्येच मांडलं होतं. माणूस फायदा-तोटा तोलतो, असं धरलं तर वचक तीन गोष्टींनी बसतो: शिक्षा किती कडक, किती लवकर आणि किती नक्की. यातल्या ‘नक्की’ला बेक्कारियाने सर्वांत जास्त वजन दिलं. अर्थात रागाच्या भरात कोयता उचलणारा असा हिशेब मांडत बसत नाही. तिथे हे गणित लंगडं पडतं.

पण जिथे हिशेब असतो, तिथे पकडलं जाण्याची भीती किती काम करते, हे कॅनडातल्या मॉन्ट्रियलने ७ ऑक्टोबर १९६९ रोजी पाहिलं. त्या दिवशी शहरातले पोलीस संपावर गेले. कायद्याच्या पुस्तकातली एकही शिक्षा कमी झाली नव्हती. तरीही काही तासांत बँकांवर दरोडे पडू लागले, आणि रात्री मध्यवस्तीतल्या दुकानांच्या काचा फुटून माल रस्त्यावर आला. अखेर लष्कराला पाचारण करावं लागलं.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. विनाहेल्मेट दुचाकी चालवण्याचा दंड केंद्राने २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा दुरुस्त करून शंभरावरून हजार रुपयांवर नेला. दंड दहापट झाला, पण पुण्या-नाशिकच्या रस्त्यावरचं दृश्य ओळखीचंच आहे. आरशाला अडकवलेलं हेल्मेट चौकात ‘मामा’ उभे दिसले की चटकन डोक्यावर चढतं. सिग्नल सुटतो, गाडी वळणापलीकडे जाते आणि हेल्मेट पुन्हा आरशाला लटकतं.