माळ्यावरची भरमार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

साकोली-लाखनीच्या पट्ट्यात एखाद्या जुन्या मालगुजारी वाड्याची वाटणी झाली, की माळ्यावरून कधीकधी लांब नळीची, गंजलेली बंदूक खाली येते. आजोबांची भरमार, म्हणजेच ठासणीची बंदूक. मग तिच्याबद्दल जो-तो सांगू लागतो आणि त्यातलं बरंचसं चुकीचं असतं.

पहिला समज वयाचा. 'तोंडाकडून दारू ठासायची, म्हणजे शिवकाळातली, नाहीतर भोसल्यांच्या फौजेतली.' पण ठासणीच्या बंदुका स्वातंत्र्यानंतरही भारतातल्या परवानाधारक कारखान्यांत बनत होत्या. वय ठरवताना नळीकडे नव्हे, ठिणगी पडते तिथे पाहावं. घोड्याच्या जागी जळती वात धरायचा चिमटा आणि नळीच्या बाजूला रंजकाची, म्हणजे आधी पेट घेणाऱ्या बारीक दारूची, लहान वाटी असेल, तर ती तोड्याची. घोड्याच्या जबड्यात गारगोटी आणि समोर पोलादी पात असेल, तर चकमकीची. घोडा एका पोकळ, बारीक बोंडीवर आपटत असेल, तर ती बोंडीवर स्फोटक टोपी बसवून उडवायची, म्हणजे टोपीची. टोपीच्या मुळाशी असलेल्या स्फोटक मिश्रणाचं पेटंट स्कॉटलंडच्या फोर्साइथ नावाच्या पाद्र्याने 1807 मध्ये घेतलं आणि तांब्याची टोपी त्याच्याही नंतरची. शिवाजी महाराजांचं निधन 1680 चं. टोपीची बंदूक शिवकालीन असूच शकत नाही.

खरी गंमत विचित्र दिसणाऱ्या बंदुकीत असते. घोडा टोपीचा, पण त्याच्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर बुजवलेली किंवा रिकामी स्क्रूची भोकं दिसतात. तिथे पूर्वी रंजकाची वाटी आणि पोलादी पातीची स्प्रिंग बसवलेली होती. म्हणजे चकमकीची बंदूक नंतर टोपीची करून घेतलेली. अशा बंदुकीत पट्टी एका काळातली, घोडा दुसऱ्या काळातला आणि लाकडी दस्ता गावच्या सुताराने घडवलेला, असंही सापडतं. म्हणून पट्टीवर कोरलेलं साल हे अख्ख्या बंदुकीचं साल धरू नये.

'पट्टीवर सिंह आहे, म्हणजे राजघराण्याची' हाही एक समज. मागच्या पायांवर उभा राहून पुढच्या पायांत मुकुट धरलेला सिंह ही ईस्ट इंडिया कंपनीची खूण. ती साधारण 1808 पासून दिसते. त्याआधी हृदयाच्या आकाराची खूण असे. इंग्रजी नाव कोरलेलं असलं, तरी ते बनवणाऱ्याचंच असेल असं नाही. कलकत्त्याचे विक्रेते आपलं नाव घालून बंदुका विकत. नळीच्या बुडाशी लंबगोलात 'ईएलजी' ही अक्षरं असतील, तर नळीची चाचणी बेल्जियममधल्या लीज शहरात झालेली आहे.

म्हणूनच पॉलिश पेपर लावू नका. घासल्याने गंजाबरोबर या खुणाही जातात, आणि त्या गेल्या की ओळख पटवायला काही उरत नाही. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसा, खुणांचे जवळून फोटो काढा.

पण त्याच्याही आधी, बंदूक अजून भरलेली असेल असं धरून नळी कोणाकडेही रोखू नका. 'इतक्या वर्षांची दारू काय पेटणार?' या भरवशावर माणसं जिवाला मुकली आहेत. काळी दारू कोरडी राहिली, तर वर्षानुवर्षं टिकते. घोड्याला हात न लावता बंदूक जाणकाराकडून तपासून घ्या.

सगळ्यात महाग पडणारा समज परवान्याचा. 'शंभर वर्षं झाली, आता परवाना कशाला?' शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 45 मधली सूट जुन्या घाटाच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला आहे; पण दुरुस्ती करूनही ते झाडता येणार नाही, अशा अवस्थेत असेल तरच. नुसतं वय पुरत नाही. आजोबांचा परवाना नातवाला आपोआप मिळत नाही. वारस म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो. परवाना मिळेपर्यंत कलम 21 प्रमाणे शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं.

घरात अशी बंदूक निघाली, तर ती पुन्हा माळ्यावर ठेवू नका. आधी जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा, आणि जमा करताना तिच्यावरच्या खुणांच्या वर्णनासह पावती घ्या.